हरकतवाले चाचा

"तुमच्याकडं समुद्र हाय का?"

मी भाड्याची जागा बघायला गेले तेव्हा घरमालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. लग्न झालंय का, जेवणाचं काय करणार, घरी कोण कोण असतं, यातलं काही नाही. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे नदी आहे, ऊस आहे, पूर आहे, पण समुद्र नाही. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "तिकडली हाय म्हनल्यावर मला वाटलं, समुद्राची खबर ठेवत असशील," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

दहावीच्या मार्कांवर माझी पोस्टात निवड झाली होती. यादीत माझ्या नावासमोर हिंगोली जिल्ह्यातलं, वारंगा फाट्यावरून आत जावं लागणारं एक गाव निघालं. गावाचं नाव सांगत नाही. पुढे एक फजिती सांगायची आहे आणि ती साऱ्या गावाची मिळून आहे. माझीही आहे. गावात पोस्टासाठी खोली मीच शोधायची होती, ती मिळाली या घरमालकांच्या, म्हणजे चाचांच्या, जुन्या तेलघाण्याची. शेजारच्या खोलीत मी राहायचे. त्या भिंतींत करडईच्या तेलाचा वास इतका मुरलेला होता, की माझ्या हातून गेलेली पाकिटं कुठल्या गावची ते मुख्य पोस्टातले लोक नाकानेच ओळखायचे.

खोलीत एक जगाचा नकाशा होता. शाळेने रद्दीत काढलेला, कडा फाटलेल्या. तो काढून मला पोस्टाचे तक्ते लावायचे होते, पण त्याच्यामागे भिंतीला भोक आहे हे कळल्यावर मी गप्प बसले. नकाशावर चाचांनी डिंकाने दाणे चिकटवले होते. सोयाबीनचे दाणे ब्राझील-अर्जेंटिनाकडून निघाले होते, करडईचे दाणे मलेशिया-इंडोनेशियाकडून मुंबईकडे रांगेने येत होते. ती तेलाची जहाजं. जिथे भांडण-लढाई चालू असेल तिथे एक लवंग. लाल समुद्राच्या तोंडाशी तर तीन-चार लवंगा कायमच्या होत्या. स्वयंपाकघरात लवंग संपली की चाची पदर खोचून पोस्टात यायची आणि नकाशाकडे बघून चाचांना म्हणायची, "अजी, कुठं शांतता झाली का? एक लवंग लागत होती."

चाचा उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरी टोपी, मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. त्याला दोन खिसे होते म्हणून. एका खिशात पेन, दुसऱ्यात पेपरातलं कापलेलं कात्रण. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी लिहायला ते जाहीर नोटिसा वाचून शिकले. त्यामुळे त्यांचं बोलणं गावचं आणि लिहिणं सरकारचं होतं. "चाचीला बरं नाही" हे सांगायचं असलं तर ते चिठ्ठीत लिहायचे, "सदरहू इसमाची प्रकृती अस्वस्थ असल्याचे निदर्शनास आले आहे." चाची इसम कशी, असं मी एकदा विचारलं. "मंग कोन हाय?" असं त्यांनी मलाच विचारलं.

पेपर आला की ते पहिलं पान उघडत नसत. आतलं, बारीक अक्षरांचं, जाहीर नोटिसांचं पान आधी. "बाकीच्या पानावर झालेलं ऱ्हातंय बेटा, ह्या पानावर होनारं ऱ्हातंय," हे त्यांचं म्हणणं. त्या पानावर सरकारचा एखादा मसुदा असतो, नियमाचा, आराखड्याचा, आणि खाली एक ओळ असते: याबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. तुमच्या-माझ्यासारखे लोक ती ओळ वाचतच नाहीत. चाचा ती ओळ आमंत्रणासारखी वाचायचे. "सरकार मागून राहिलं आन आपण द्यायचं न्हाई? दारात आलेल्याला कोनी रिकामं धाडतंय का?" म्हणून ते प्रत्येक मसुद्यावर हरकत पाठवायचे. बियाण्याच्या, विजेच्या, खाद्यतेलाच्या, परदेशाशी करायच्या कराराच्या. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. हरकतवाले चाचा म्हटलं की लेकरूसुद्धा घर दाखवायचं.

पत्र ठरलेल्या साच्यातलं. सुरुवात, "महोदय, आपण सहकुटुंब खुशाल असाल." मग हरकत क्रमांक एक, सूचना क्रमांक एक. हरकतीला जोडून सूचना हवीच, हा त्यांचा नियम. "नुसती हरकत म्हंजे भांडण झालं. नुसती सूचना म्हंजे खुशामत झाली." शेवटी ताजा कलम, त्यात पत्र वाचणाऱ्या कारकुनाच्या मुलांच्या अभ्यासाची चौकशी. समोरच्याला मुलं आहेत की नाहीत, देव जाणे. प्रत्येक पत्राला ते पोचपावती जोडायचे आणि परत आलेल्या पावत्या तारेत ओवून ठेवायचे. सहीवरून त्यांना दिल्लीतली माणसं कळायची. "हा सहीवाला बदलला बेटा. आधीचा माणूस निवांत होता, ह्याला घरी जायची घाई हाय." रजिस्टर पोस्ट बंद होऊन स्पीड पोस्टात मिळालं तेव्हा त्यांनी त्याच्यावरही हरकत लिहिली, सरकारला विचार करायला वेळ मिळावा म्हणून पत्र सावकाशच पोचलं पाहिजे, अशी. ती त्यांना स्पीड पोस्टानेच पाठवावी लागली. मी पावती फाडताना हसत होते आणि ते माझ्याकडे रागाने बघत होते.

टिंगल व्हायचीच. खताच्या वेळेला एक शेतकरी मनीऑर्डर घ्यायला आला आणि त्याने विचारलं, "चाचा, डीएपीची गोणी काहून भेटून न्हाई राहिली?"

"चीननं माल द्यायचा हात आखडलाय."

"मंग धाडा की चीनला एक हरकत."

"धाडतो. पिनकोड सांग."

अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला तेव्हा तर त्यांना झोप नव्हती. पेपरात कुणीतरी त्याला जकात म्हटलं होतं. तो शब्द त्यांना फार लागला. "आमच्यात जकात गरिबाला देतेत बेटा. ही कसली जकात, गरिबाकडून घ्यायची!" त्याच पत्रात त्यांनी सूचना केली होती, की दुसऱ्या देशाने दार लावलं म्हणून आपण घाबरून आपल्या सोयाबीनचं दार सताड उघडू नये, बोलणी करताना चहा दोनदा मागवावा, म्हणजे वेळ मिळतो.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, कशासाठी हे सगळं? कोण वाचतं? तेव्हा पोस्टात दुसरं कुणी नव्हतं. चाचा बाकावर बसले आणि खोलीच्या मधोमध फरशीत उरलेला घाण्याचा गोल खळगा त्यांनी पायाने दाखवला. त्यांच्या आजोबांपासून तिथे बैलाचा घाणा होता. "हा घाणा गावातल्या कोन्या माणसानं बंद पाडला न्हाई. तिकडून पामतेल आलं, सस्तं आलं, आन इथं बैल थांबला. आपल्या कढईला समुद्र लागलेला हाय, हे मला तवा कळलं. दरवाजा तुटला न्हाई, कोनी शिवी दिली न्हाई, आन धंदा गेला. मंग मी म्हनलं, हे लांबून व्हऊन राहिलं तं आपल्याला बी लांबूनच बोलावं लागंल." त्यानंतर मी पावती फाडताना हसणं बंद केलं. निदान तोंड फिरवून हसायला लागले.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. चाचा "हरकत नाही" असं उत्तर कधी कुणाला देत नसत. बसू का, विचारलं तर "चालतंय." चहा आणू का, तर "आण." गावातल्या टवाळांनी पैजा लावून बघितल्या होत्या. कारण विचारलं तर त्यांनी मला उर्दू शिकवलं. "आमच्या उर्दूत हरकत म्हंजे हालचाल. पोटात लेकरू हललं तं हरकत. दिलाची हरकत बंद पडली तं माणूस गेला. आन तुमी मराठीवाले दिवसातून शंभर डाव म्हनता, हरकत न्हाई! मला त्ये ऐकूनच कसंतरी व्हतंय."

चाचीचं आता नीट सांगायला हवं, कारण घर तिच्यावर चालायचं. बैलाचा घाणा बंद पडल्यावर काही वर्षांनी तिने बचत गटातून विजेवरचा छोटा घाणा आणला. परसात करडई गाळायची, बाटल्या भरायची आणि दर सोमवारी गावच्या आठवडी बाजारात लिंबाखालच्या ओट्यावर बसून विकायची. ओटा ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेलं. आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या बायका बाजाराला आल्या की आधी तिच्याकडे यायच्या, तेलाला आणि बोलायलाही. ठेंगणी, ठसक्याची बाई. नवऱ्याचं वेड तिला पाठ होतं. "निकाहाच्या वक्ताला काझीनं इचारलं, कबूल हाय का? तं हे म्हनले, आधी कागद पुरा वाचा. माहा बाप घामाघूम!"

एका गुरुवारी चाचांनी जाहीर केलं, की आठवड्यातला एक दिवस घरात परदेशातून आलेलं काहीही वापरायचं नाही. बघू, देश किती दिवस आपल्या पायावर उभा राहतो. चाची म्हणाली, बराबर. गॅस बाहेरून येतो म्हणून तिने चूल पेटवली आणि धूर मुद्दाम पोस्टाच्या बाजूला सोडला. तुरीची डाळ आफ्रिकेतली निघाली, ती डब्यात परत गेली. मोबाइल बंद, विजेरी बंद. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर करडईचं तेल, असं जेवून चाचा खुशीत पेपर घेऊन बसले. तेवढ्यात चाची आली आणि तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "काडीवर लिवलंय, चीन." संध्याकाळपर्यंत तो माणूस नोटिसांचं पान मांडीवर घेऊन नुसता बसून होता. शेवटी मला म्हणाले, "बेटा, वाचून दाखव. तू आपल्याच देशातली हायस." पुढचा गुरुवार कुणी काढला नाही.

आता ती फजिती.

चाचांची सगळ्यात जुनी सूचना गोदामाची होती. सोयाबीन निघालं की ठेवायला जागा नाही, म्हणून लोक मिळेल त्या भावाला त्याच आठवड्यात विकून मोकळे होतात, आणि मग तेल कमी पडलं की देश ते बाहेरून आणतो. गावोगाव गोदामं बांधा, निदान आमच्या गावापासून सुरुवात करा, हे त्यांनी कुठल्या कुठल्या मसुद्याच्या उत्तरात घुसडलं होतं, मसुदा विमानतळाचा असला तरी. आणि एका सकाळी नोटिसांच्या पानावर आमच्या गावाचं नाव आलं. धान्य व तेलबिया साठवणुकीसाठी गोदाम प्रस्तावित, हरकती व सूचना तीस दिवसांत.

चाचा ओरडलेच. मी थैली बांधत होते, ती हातातून सुटली. त्यांनी स्वेटरवर दुसरा स्वेटर घातला आणि पेपर घेऊन घरोघर फिरले. सरकारने ऐकलं! चाचीने करडईच्या तेलात गुलगुले तळले. पोस्टात गर्दी झाली. ज्यांनी आयुष्यभर टिंगल केली ते त्यांच्या हातावर हात मारून गुलगुले खात होते. चाची म्हणाली, "बेटी, वाच तं एकदा नीट. मला बी ऐकू दे, काय लिवलंय ते."

मी वाचलं. गट क्रमांक, क्षेत्र, आणि चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस जुना कोंडवाडा, उत्तरेस मारुतीचे देऊळ.

"हे तं बाजार हाय," चाची म्हणाली.

जागा बघायला आलेला माणूस मंगळवारी आला होता, हे मागाहून समजलं. मंगळवारी आमचा बाजार म्हणजे चार दगडी ओटे, एक लिंब आणि एक कुत्रं. सरकारी जागा, रिकामी, रस्त्याला लागून. त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. त्याने सोमवारी यायला हवं होतं, एवढंच. बाजार कुठे जाणार, तेही नोटिशीत होतं: फाट्याच्या अलीकडच्या माळावर, गावापासून चार किलोमीटर. तिथे डोक्यावर पाटी घेऊन कोण जाणार, आणि चार बाटल्या तेलासाठी कोण येणार?

"चाळीस साल तुमच्या कागदानं काही झालं न्हाई," चाची म्हणाली, "आन झालं तं माह्याच ओट्यावर येऊन पडलं." ती परसात गेली आणि तिने घाण्याचं बटण बंद केलं. तो आवाज थांबल्यावर घर किती रिकामं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं. चाचांच्या हातात अर्धा गुलगुला होता, तो त्यांनी तसाच परत ताटात ठेवला.

पुढचे आठ दिवस ते लिहीत होते आणि फाडत होते. आयुष्यात त्यांना हरकत लिहायला कधी एवढा वेळ लागला नव्हता. शेवटी जो कागद माझ्याकडे शुद्धलेखन बघायला आला त्याचं पहिलं वाक्य होतं, "महोदय, माझ्याच सूचनेस माझी हरकत आहे." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

त्यांनी गावालाही हलवलं. एरवी टिंगल करणारे सगळे लिहायला तयार झाले, कारण बाजार सगळ्यांचा होता. चार दिवस माझ्या पोस्टात अर्ज लिहिण्याची झुंबड होती. शंभरावर अर्ज झाले. मी ते मोजून एका मोठ्या पाकिटात घातले, सही-शिक्का करून पाठवले. त्यातले कित्येक मी वाचलेही होते. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मीही मराठीच.

मुदत संपल्यावर जिल्ह्याच्या कार्यालयात हरकतींची सुनावणी लागली, तिला आम्ही तिघं गेलो. मी रजा टाकली होती. चाचीने जाताना पिशवीत तेलाची बाटली घेतली होती, कशासाठी ते तिलाही माहीत नसावं. कार्यालयात आम्हाला बाकावर बसवलं आणि एक कारकून फायली घेऊन आला. त्यातली एक फाइल कडेने पिवळी, तेलकट झालेली होती. त्याने चाचांकडे पाहिलं, फाइल नाकाशी नेली आणि म्हणाला, "तुमीच का ते? ताज्या कलमात पोरांचा अभ्यास इचारणारे?"

"व्हय," चाचा उभे राहिले.

"मोठा बारावी झाला माझा. चांगले मार्क पडले."

चाचांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, हे आता सुनावणी विसरणार. कुणीतरी वाचत होतं! मी त्यांना कोपराने ढोसलं.

साहेब मवाळ होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "चाचा, अडचण अशी आहे. गावातून शंभरावर अर्ज आले आहेत आणि सगळ्यांनी लिहिलंय, हरकत नाही. हरकत फक्त तुमची एकट्याची. आणि गोदामाची मागणीही," त्यांनी दिल्लीहून खाली आलेल्या पत्रांची ती तेलकट फाइल उघडली, "तुमचीच."

त्यांनी एक अर्ज वाचून दाखवला. "गोदामास आमची काही हरकत नाही. फक्त बाजार हलवू नये." दुसरा. "चांगले काम होत आहे, हरकत नाही. फक्त बाजाराची जागा सोडून करावे." तिसरा, चौथा. सगळे असेच. हरकत घ्यायला बसलेल्या माझ्या गावाने, हाती पेन आल्यावर, पाहुण्याला पाटावर बसवावं तसं आधी "हरकत नाही" लिहून ठेवलं होतं. आणि कार्यालयाने ते अर्ज त्याच गठ्ठ्यात लावले होते. पाकिटावर शिक्का माझा होता.

चाचीने पिशवी घट्ट धरली. तिच्याकडे बघून चाचा बोलायला उठले, आणि ते उर्दू-मराठी काही न बघता बोलले.

"साहेब, तुमचं गाव कोनतं ते मला माहीत न्हाई. आमच्याकडं पोरगी मागायला आलेल्याला बी आमी हरकत न्हाई म्हनतो, आन पोरगी देत न्हाई. शेजारी बैल मागायला आला तं हरकत न्हाई म्हनतो, फक्त बैलाचा पाय दुखतोय म्हनतो. आमच्यात हरकत न्हाई म्हंजे आलेल्याला पाणी देणं झालं साहेब. त्याला जेवण समजू नका. खरं बोलणं ‘फक्त’च्या फुडं ऱ्हातंय. तुमी ‘फक्त’च्या फुडचं वाचा."

साहेबांनी गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. ते एकेक अर्ज उलटत गेले, आणि आता मोठ्याने फक्त शेवटचं वाक्य वाचू लागले. बाजार हलवू नये. बाजार राहू द्यावा. म्हातारीला माळावर जाणे होत नाही. बाजार तिथेच. वाचता वाचता त्यांना हसू फुटलं. कारकुनालाही. "लिहून घ्या," साहेब त्याला म्हणाले, "‘फक्त’च्या पुढचं." मग चष्मा काढून चाचांना म्हणाले, "ठीक आहे. पण गोदाम मंजूर आहे, ते परत गेलं तर पुन्हा येणार नाही. मग बांधायचं कुठे? तुमची सूचना?"

आणि चाचांना काही सुचेना. विमानतळापासून व्यापार-करारापर्यंत ज्याला सूचना सुचली, तो माणूस छताच्या पंख्याकडे बघत उभा राहिला. त्यांचा हात स्वेटरच्या खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"कोंडवाडा," बाकावरून चाची म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तुमच्याच कागदात हाय की. पश्चिमेस जुना कोंडवाडा. तीस साल झाले, एक ढोर आत गेलेलं न्हाई. भिंती पडल्या, बाभळी उगल्या. जागा बी सरकारचीच. थितं बांधा गोदाम, इथं ऱ्हाऊ द्या बाजार. माल ठेवायला बी बरं आन इकायला बी." मग जरा थांबून, "मी दर सोमवारी त्याच्याकडं पाठ करून बसते, म्हनून हे ध्यानात हाय."

साहेबांनी नकाशा मागवला, बोट ठेवलं, कारकुनाशी बोलले. जागा पुरत होती. त्यांनी एक कोरा अर्ज चाचांपुढे सरकवला. चाचांनी पेन काढलं आणि त्यांच्या त्या सरकारी मराठीत झरझर लिहिलं. सूचना करणाऱ्याचे नाव, या रकान्याशी आल्यावर त्यांनी चाचीचं नाव लिहिलं. खिशात गावभरचे कागद घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाने बायकोचं नाव अर्जावर पहिल्यांदाच लिहिलं असावं, कारण लिहून झाल्यावर ते बराच वेळ त्याकडे बघत होते.

"यावर कुणाची काही हरकत?" साहेबांनी हसत विचारलं.

"माही हाय," चाचा म्हणाले. आम्ही सगळे दचकलो. "सही मी करनार न्हाई. तिची सूचना हाय, तिनं करावी." चाचीने अर्ज ओढून घेतला आणि उजवीकडून डावीकडे, उर्दूत, सावकाश सही केली. मग पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवायला लागली, तेव्हा साहेब घाईने नको नको म्हणाले. ती बाटली परतताना तिने मला दिली.

गोदाम कोंडवाड्यावर झालं. आज त्याच्या भिंतीची सावली दुपारनंतर चाचीच्या ओट्यावर येते, त्यामुळे उन्हाळ्यात तिचं गिऱ्हाईक वाढलं, असं ती सांगते. चाचा पुढे कित्येक दिवस घरात काही लिहिण्याआधी "तुमचं काही म्हननं हाय का?" असं तिला विचारायचे. तीही सांगायची. खाद्यतेलाच्या आयातीवर त्यांची एक हरकत गेली, तिच्यात सूचना क्रमांक दोन तिची होती: मंत्र्यांच्या घरी महिनाभर करडईचं तेल वापरून बघावं, आवडल्यास कळवावं.

मग माझी बदली आली. मीच मागितली होती, आईला बरं नसायचं म्हणून. चाचा आठवडाभर धमकी देत होते, की ते माझ्या बदलीवर हरकत पाठवणार. पत्ताही विचारून ठेवला होता. शेवटचा दिवस सोमवार होता. सामान रिक्षात घालून मी बाजारात गेले. चाची ओट्यावर बसून एका बाईला तेल मापून देत होती, चाचा शेजारी पालथ्या घातलेल्या खोक्यावर नोटिसांचं पान वाचत होते.

"चाचा, येते मी," मी म्हणाले.

त्यांनी पेपरची घडी घातली. "हरकत न्हाई," ते म्हणाले.

चाचीचा माप धरलेला हात तसाच थांबला. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"हरकत न्हाई बेटा. फक्त..."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "बोला की फुडं," चाची हळूच म्हणाली. चाचा चष्मा काढून स्वेटरच्या कडेने पुसत बसले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सुनावणीहून परतताना चाचीने दिलेली ती तेलाची बाटली छातीशी धरून मी रिक्षात बसले.